लांबटांग्यांची पेटी : पायांच्या हिशेबासकट नोंदी

४ ऑगस्ट २०२४, रविवार

गेल्या वर्षी गावाहून येताना हार्वेस्टमन (कोळ्यासारखे दिसणारे, आठ लांब पायांचे जीव) आणले आणि मग त्यांच्यासाठी पेटी लावायला बसले. चार दिवसांत सगळे गेले. यंदा गणपतीला जाण्याआधी महिनाभर पेटी तयार करून चालती ठेवायची, जीव नंतर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. हा कोळी नाही. कोळ्याचं अंग कमरेत आवळलेलं असतं, याचं एकसंध, मुगाच्या दाण्यासारखं. डोळे दोनच, तेही पाठीवरच्या उंचवट्याच्या दोन बाजूंना. जाळं विणत नाही, विष नाही. घराच्या कोपऱ्यात विरळ जाळं करून उलटा लटकतो तो लांब पायांचा प्राणी खरा कोळीच, त्याची याच्याशी गल्लत करू नका. आमच्या गावात याला वेगळं नाव नाही. काकू लांबटांग्या म्हणते, तेच मी इथे वापरणार आहे.

मत्स्यपेट्यांच्या दुकानात एक गळकी टाकी पडून होती, ६० × ३० × ३० सेंमी. ५०० रुपये. गळकी असली तरी मला चालणार होती, कारण ती आडवी ठेवायचीच नव्हती. उभी केली, म्हणजे उंची ६० मिळाली आणि तोंड समोर आलं. लांब पायांच्या प्राण्याला लांबीपेक्षा उंची लागते हे गेल्या वर्षी कळलं होतं. समोर खाली १४ सेंमीची पक्की काच, त्यावर बिजागरीचं काचेचं दार, सगळ्यात वर ८ सेंमीची जाळीची पट्टी. काचवाल्याने ६५० घेतले आणि दोनदा विचारलं, “ताई, मासे ओतणार कुठून?”

तळाला ४ सेंमी विटांचे तुकडे आणि लाकडी कोळसा, त्यावर मच्छरदाणीचा तुकडा, त्यावर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कुंडीतली माती आणि थोडी वाळू. कोकोपीटची वीट भिजवली, पिळली, टाकली.

११ ऑगस्ट

स्प्रिंगटेलची (बुरशी खाणारे, उड्या मारणारे अगदी बारीक जीव) डबी २५० रुपयांना आणून सोडली होती. तिसऱ्या दिवशी एकही हलेना. मातीवर पांढुरकी साय आलेली. कोकोपीटमध्ये मीठ असतं, ते तीन-चार पाण्यांत धुवायचं असतं. पाकिटावर लिहिलंही होतं, माझ्याच घाईने वाचलं नाही. सगळा थर उपसला, बादलीत चार पाणी धुतला, पुन्हा भरला. रविवार गेला, २५० गेले.

१८ ऑगस्ट

दुसरी डबी. या वेळी कोळशाचा एक तुकडा त्यांच्यासकट बाजूच्या बरणीत राखून ठेवला, म्हणजे तिसऱ्यांदा विकत घ्यायला नको. आयसोपॉड (ओल्या मातीत राहून कुजका पाला खाणारे छोटे जीव) दुकानातून, ४५० रुपयांना दहा. (पुढे ऑक्टोबरात सोसायटीच्या कुंड्या उचलल्या तेव्हा तसलेच शंभरएक खाली वळवळत होते. आधी कुंडी उचलून बघा.)

मनी प्लांटचं एक कांड, गच्चीच्या कठड्यावरचं शेवाळ, पाइपाच्या फटीतून उगवलेलं नेचं. आंब्याच्या सालीचे दोन मोठे तुकडे मागच्या काचेला तिरपे टेकवले.

१ सप्टेंबर

लाकडावर पांढरी बुरशी कापसासारखी फुलली. घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. हात लावला नाही. दहा दिवसांत स्प्रिंगटेलनी ती चाटूनपुसून संपवली, तेव्हा पेटी चालू झाली असं समजले.

१२ सप्टेंबर, गुरुवार, गाव

गौरी-गणपती दुपारी गेले. रात्री नऊला विजेरी घेऊन मागच्या परसात. न्हाणीचं पाणी पोफळींकडे जातं त्या पाटाकडेला जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा आहे. त्याच्या खालच्या अंगाला, जिथे ऊन कधी पोचतच नाही, तिथे तीस-चाळीस जण पाय एकमेकांत अडकवून बसलेले. लांबून बघावं तर कुणीतरी फणीतला गुंतवळ काढून चिऱ्याला चिकटवलाय. हळूच फुंकर घातली की अख्खा गुंतवळ वरखाली, वरखाली. कुणीच पळत नाही, सगळे एकाच तालात झोके घेतात, आणि नेमकं अंग कुठलं यावर आपली नजर ठरत नाही.

काकू पडवीतून बघत होती. “कोळी धरून पुण्याला नेतेस? पुण्यात कोळी नाय होय गो?”

पहिला मी चिमटीत धरला. दोन पाय माझ्या बोटांत राहिले. धोका वाटला की हे पाय सोडून देतात. सुटलेला पाय बराच वेळ उडत राहतो, म्हणजे पकडणारा त्याच्याकडे बघत बसावा आणि धन्याने निसटावं. मीही बघतच बसले. पालीला शेपूट परत येते, यांना पाय परत येत नाही. कात टाकली तरी नाही. जो गेला तो जन्माचा गेला. म्हणून या नोंदवहीत जीवांसोबत पायांचाही हिशेब ठेवते आहे. आपण किती चुकलो ते त्यातून बरोबर कळतं.

नंतरचे आठ नीट आले. पद्धत अशी: समोर डबी आडवी धरायची, मागून रंगाच्या मऊ ब्रशने नुसतं टेकवायचं, तो आपणहून आत चालत जातो. प्रत्येकाला वेगळी डबी, आत ओलसर टिश्यू पेपर पकड घ्यायला, झाकणाला तापल्या सुईने भोकं. भोकं हवीतच. एका डबीला मी ती पाडायला विसरले होते. उघडली तर आंबूस, औषधासारखा वास. पुढच्या पायांच्या मुळाशी यांच्या ग्रंथी असतात, त्यातून हा वास सोडतात. बंद जागेत तो त्यांनाच बाधायचा.

नऊच घेतले, बाकी गुंतवळ तसाच ठेवला. हा गडगा आमचाच आहे. अभयारण्यातून किंवा राखीव जंगलातून असं काही उचलायचं नाही, पालापाचोळासुद्धा नाही. पोफळीखालचा पातेरा, म्हणजे वाळका पाला, मात्र पोतंभर घेतला, तोही आमचाच.

१४ सप्टेंबर, पुणे

कुंभार्ली घाटातून एसटीने. डब्या मांडीवर. एका झाकणात एक पाय सापडला. तो मीच लावताना चिरडलेला.

बहात्तर हवे होते. पाच मुळातच नव्हते, दोन माझ्या बोटांनी, एक झाकणाने. नऊ जीव, ६४ पाय. संध्याकाळी पेटीत सोडले. पाच मिनिटांत सगळे सालीच्या पाठीमागे.

१९ सप्टेंबर

दोन मेले.

पुणं कोरडं, असं डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून वरची जाळीची पट्टी प्लास्टिकने झाकून टाकली होती. आर्द्रतामापक ९९ दाखवत होता आणि मी खूश होते. काचेवर दव धरलं. यांचे पाय केसाएवढे बारीक. ते त्या पाण्याला चिकटले की सुटत नाहीत. सकाळी एक जण दोन पाय काचेवर सोडून निघून गेलेला दिसला. दोन्ही पाय दुसऱ्या जोडीचे. यांची दुसरी जोडी सगळ्यात लांब असते आणि ती चालायला कमी, चाचपडायला जास्त. पुढे काय आहे ते त्याच पायांनी कळतं, म्हणून चिकटायलाही तेच आधी जातात. आंधळ्याची काठीच मोडली म्हणायची. आणखी एकाचा एक पाय गेला.

प्लास्टिक फाडून टाकलं. पण तेवढ्याने भागेना, कारण हवा आत यायला खालून वाटच नव्हती. दाराच्या खालची २ सेंमी पट्टी काचवाल्याकडून कापून घेतली (८० रुपये), तिथे मैद्याच्या चाळणीची स्टीलची जाळी सिलिकॉनने बसवली (चाळणी १२० रुपये). सिलिकॉनचा वास जाईपर्यंत दोन दिवस सगळे परत डब्यांत. आता हवा खालून शिरते, वरून निघते, काच अर्ध्या तासात कोरडी होते. माती ओली हवी, काच कोरडी हवी: हे एक वाक्य मला गेल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर!

सात जीव, ४६ पाय.

२७ सप्टेंबर

रात्री पातेऱ्यात सळसळ. विजेरी मारली तर बोटाच्या दोन पेरांएवढी गोम, तोंडात लांबटांग्या. पातेरा मी पोत्यातून काढून तसाच पसरला होता. ‘नैसर्गिक’ पेटी म्हणून काही उकळायचं नाही, तापवायचं नाही, असा माझा हट्ट. गोमही नैसर्गिकच की.

सगळा पातेरा काढला, त्यावर उकळतं पाणी ओतलं, निथळून उन्हात दिवसभर वाळवला, मग परत. गोम चिमट्याने काढून कचऱ्याच्या खड्ड्याकडे सोडली. सोबत दोन पैसाकिडे आणि एक बारकी गोगलगाय निघाली, ती कुंडीत गेली.

सहा जीव, ३९ पाय.

६ ऑक्टोबर

खाण्याचे प्रयोग. कोळी भक्ष्याचा रस शोषतो. हे मात्र चक्क तुकडे तोडून खातात, म्हणून मेलेलं, कापलेलं, वाळलेलं सगळं चालतं. जिवंत किडे पाळायची कटकट नाही हा मोठाच फायदा.

केळ्याची चकती: खाल्ली, पण दुसऱ्या दिवशी चिलटांचा थवा. बंद. सफरचंदाची पातळ फोड बरी, तीही एका रात्रीपुरती. काकडीला कुणी विचारलं नाही. माशांच्या खाण्याचे पापुद्रे ओलसर दगडावर ठेवले की अर्ध्या तासात दोघं-तिघं हजर. मेलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) कापून दिले तर सगळ्यात आधी तेच संपतात. आणि जवळा! वाळवलेला जवळा तासभर पाण्यात भिजवून, पिळून, चार-चार दाणे. पातेऱ्यापेक्षा त्यावर जास्त गर्दी. फक्त तो सकाळी न चुकता काढायचा. एकदा विसरले तर मुलगा शाळेतून आला आणि म्हणाला, “आई, आज मासे आहेत?” घरात कायमचं नाव पडलं ते पडलंच.

अन्न मातीवर ठेवायचं नाही. बाटलीच्या झाकणात ठेवायचं आणि झाकण उचलून धुवायचं. पाणी बुडण्याएवढ्या वाटीत नाही; संध्याकाळी पानांवर फवारा, थेंब प्यायला पुरतात. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरते.

जेवून झालं की पाय साफ करतात. एकेक पाय जबड्यांतून मुळापासून टोकापर्यंत सावकाश ओढून काढायचा, सुईत ओवण्याआधी दोऱ्याचं टोक ओठांतून काढावं तसा. पाय ताणला जातो, वाकतो, अगदी टोकाला आला की सुटून जागेवर. मग पुढचा. सगळे पाय व्हायला पुष्कळ वेळ लागतो. हे बघत मी किती रात्री जागले त्याचा हिशेब ठेवलेला नाही.

१३ ऑक्टोबर

दोघं अजून वाढत्या वयाचे आहेत हे आज कळलं, कारण त्यांतल्या एकाने कात टाकली. पूर्ण वाढलेले टाकत नाहीत. पहाटे साडेपाचला दिसला तेव्हा सालीच्या खालच्या बाजूला उलटा लटकलेला, अंग पुढून उघडलेलं. ओलसर, फिक्का जीव त्या सालपटातून खाली उतरत होता. पाय जुन्या नळ्यांतून ओढायचे, जबड्यांनी धरून, थोडं ओढायचं, थांबायचं. साधारण अर्धा तास लागला. मग तो नुसता लटकून राहिला, पाय भिजलेल्या सुतळीसारखे. वर सालीला त्याचंच रिकामं भूत. जिथे आधी पाय नव्हता तिथे आताही नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

२१ ऑक्टोबर

दुसऱ्याची कात. हा साल सोडून मनी प्लांटच्या खालच्या पानाला लटकला होता. पानाखाली जेमतेम सात सेंमी मोकळं, त्याच्या पायांची लांबी त्याहून जास्त. पाय मातीला टेकले, अर्धे निघाले, अर्धे अडकले. मी उठले तेव्हा आयसोपॉड त्याच्याभोवती जमले होते. त्यांनी मारला की आधीच गेला होता, सांगता येणार नाही. मदत करायला ब्रश पुढे नेला होता. पण ओल्या पायांना स्पर्श करायचं धाडस झालं नाही.

दुरुस्ती: खालची सगळी रुंद पानं कापली. सालीचे तुकडे वर सरकवले, त्यांच्याखाली २५ सेंमी काहीही नाही. आयसोपॉड निम्मे काढून कुंडीत टाकले, आणि त्यांना वेगळा खाऊ म्हणून दुधी भोपळ्याची साल मातीवर ठेवते.

पाच जीव, ३३ पाय.

९ नोव्हेंबर

याची नोंद करायला चार दिवस लागले.

मंगळवारी सोसायटीत झुरळांची फवारणी होती. सूचना ग्रुपवर आली होती. तो ग्रुप मी बंद आवाजात ठेवलेला. मी ऑफिसात. फवारणीवाला आला, सासूबाईंनी दार उघडलं, त्याने स्वयंपाकघर, मोरी आणि बूट ठेवायच्या कपाटामागे मारलं. कपाट पेटीपासून चार फुटांवर. खालून हवा शिरावी म्हणून मीच हौसेने जाळी बसवलेली, तिच्यातून तेही शिरलं असणार. संध्याकाळी दोघं पातेऱ्यावर पाय आखडून पडलेले. स्प्रिंगटेल वरच्या थरात एकही दिसेना.

उरलेले तीन डब्यांत काढून गच्चीच्या जिन्यात नेले. पेटीची वरची ५ सेंमी माती फेकली, काच आतून तीन वेळा साध्या पाण्याने पुसली, दार उघडं टाकून आठवडाभर ठेवणार आहे. राखीव बरणीतले स्प्रिंगटेल कामी येतील. सासूबाईंना वाईट वाटलं, त्या म्हणाल्या, “मला सांगून ठेवायचंस ना, मी नाही म्हटलं असतं.” खरंच आहे. आता दारावर कागद चिकटवलाय.

तीन जीव, २० पाय. आठ, सात आणि पाच.

८ डिसेंबर

थंडी. रात्री खोलीत १८ अंशांपर्यंत उतरतं, हालचाल मंदावली आहे. पेटी खिडकीपासून काढून पुस्तकांच्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. पंखा या खोलीत बंद. आर्द्रता दिवसा ७५ ते ८५ राहते, फवारा आता दोन वेळा.

पाच पायांची ती सप्टेंबरात चाचपडायचे दोन्ही पाय घालवून बसलेली. झाकणातला जवळा तिच्यापासून चार बोटांवर असला तरी तिला पत्ता लागत नाही. भिंतीला धडकते, वळते, पुन्हा धडकते. मी चिमट्याच्या टोकावर तुकडा धरून अगदी तोंडाशी नेते. आधी दचकून मागे सरते, मग तोंडाजवळचे आखूड हात तुकड्याला लागतात आणि ओढून घेते. रोज रात्री दहा मिनिटं. घरचे म्हणतात आजारी माणसाला भरवतेस तसं भरवतेस.

२१ डिसेंबर

पाच पायांची गेली. चिमट्याकडे दोन दिवस आली नव्हती.

५ जानेवारी २०२५

सात पायांची मादी आहे याची आज खात्री पटली. शेवाळ आणि माती मिळते त्या कडेला अंग जमिनीला टेकवून बसली होती. पोटाखालून अंडी घालायची एक फिक्की नळी निघाली आणि मातीत गेली. थोडं थांबून बाहेर, अर्धा इंच सरकून पुन्हा आत. असं चार-पाच वेळा. नळीची लांबी बघून थक्क झाले, मुगाएवढ्या अंगात ती राहते कुठे? आठ पायांचा नर वरच्या सालीवर बसून होता.

त्या कडेला रंगीत टाचणी टोचून खूण केली. माती उकरून बघायचा मोह झाला, नाही उकरली. तिथे थेट फवारा मारायचा नाही, बाजूच्या भिंतीवर मारायचा आणि ओल मुरू द्यायची.

२ फेब्रुवारी

नर जानेवारीच्या शेवटी गेला, मादी काल. अंगावर इजा नाही, वय झालं असावं. शेवटी पाय सात.

मादी हयात होती तेव्हा एकाने सुचवलं होतं, गावी नेऊन गडग्यावर सोड. नाही सोडली. दुकानातले आयसोपॉड, शहरातलं शेवाळ, कुठली कुठली माती, यांच्यात पाच महिने राहिलेला जीव परत त्या गुंतवळात सोडला तर तो सोबत काय घेऊन जाईल? आणले तेव्हाच ती वाट बंद झाली होती. आणण्याआधी हा विचार करायला हवा होता आणि मी तो केला नव्हता.

खर्च, विचारणाऱ्यांसाठी: टाकी ५००, काचकाम ७३०, चाळणी १२०, स्प्रिंगटेल दोनदा ५००, आयसोपॉड ४५०, आर्द्रतामापक ३००, कोकोपीट, सिलिकॉन आणि बारीकसारीक ३५०. एकूण २९५०. यातले ७०० निव्वळ मूर्खपणाचे. जवळ्याचा खर्च स्वयंपाकघराच्या खात्यात.

पेटी मोडायची नाही. रिकामी दिसली तरी फवारा, दुधीची साल, सगळं चालू. दुपारी खोलीतली आर्द्रता ३० च्या खाली जायला लागली आहे, म्हणून वरच्या जाळीचा अर्धा भाग ओल्या सुती फडक्याने झाकते. फडकं. प्लास्टिक नाही.

२ मार्च

टाचणीपासून वीतभर अंतरावर, सालीच्या खालच्या बाजूला, रात्री अकराला काहीतरी हललं. आधी स्प्रिंगटेल वाटलं. पण स्प्रिंगटेल उडी मारतं, हे थांबलं आणि वरखाली झुललं. अंग मोहरीपेक्षा लहान, पाय दिसतील न दिसतील असे. भिंग आणून विजेरी तिरपी धरली आणि मोजायला लागले. पाचपर्यंत आले, तेवढ्यात माझा श्वास लागला असावा, ते पातेऱ्याखाली गेलं.